भाषा येत नाही, नमस्कार येतो

देवळाली कॅम्पात मी पहिल्यांदा खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, काम काय करतोस तेही विचारलं नाही. दार सताड उघडं होतं. ते समोरच खाटेवर बसून चष्म्याच्या मोडक्या काडीला तांब्याची तार गुंडाळत होते. मी चपला काढल्या आणि उंबऱ्यावर पाय ठेवणार, एवढ्यात ते कडाडले.

"हां! तिथंच थांब. आधी म्हण, पेर्मेस्सो."

मला वाटलं, हे इकडच्या एखाद्या देवाचं नाव असेल. आमच्या भंडाऱ्याकडे नसतात असे बरेच देव इकडे होते. पाय हवेतच होता. जमेल तसं म्हणालो.

"अवान्ती!" म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उजळला. "आता ये आत. पेर्मेस्सो म्हंजे येऊ का. अवान्ती म्हंजे ये. इटलीची भाषा हाय."

"तुम्हाला येते?"

"भाषा नाय येत," ते तार पिळत म्हणाले. "नमस्कार येतो."

खोली मिळाली. अट एकच. येता-जाता, कुणाच्याही खोलीत शिरताना, दार उघडं असो की बंद, शब्द टाकायचा आणि आतून उत्तर आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. भाडं दोन दिवस उशिरा दिलं तर ते काही बोलत नसत. शब्द राहिला तर मात्र परत दारापर्यंत चालत पाठवत.

कॅम्पात त्यांना सगळे इटलीवाले म्हणायचे. मूळचे सिन्नरकडचे. दुसऱ्या महायुद्धात ते फौजेत टेलिफोनची लाइन टाकायच्या कामावर होते आणि पाठीवर तारेचं रीळ घेऊन इटलीचे डोंगर चढले होते. कॅम्पात असे परदेश बघून आलेले जुने फौजी पुष्कळ. कुणाच्या घरी तिकडचं घड्याळ, कुणाकडे जाडजूड ब्लँकेट, कुणाकडे नुसत्या गोष्टी. इटलीवाल्यांनी काय आणलं, ते काकू सांगायच्या. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी.

"लोकांचे नवरे लढाईवरून घड्याळं घेऊन आले. आमचे हे रामराम घेऊन आले. तो बी परक्याचा!"

काकूंनी तीस वर्षांत त्या भाषेतला एक शब्दही तोंडातून काढला नव्हता. "सुरुवात इटलीची, शेवट इटलीचा, अन् मधलं भांडण मराठीत," असं त्या म्हणायच्या, आणि ते खरंच होतं. सकाळी इटलीवाले उठले की अंगणात उभे राहून सगळ्या खोल्यांना ऐकू जाईल असं "बुओन जोर्नो!" म्हणत. मग नळाच्या पाण्यावरून, सरपणावरून, काकूंनी चहात साखर कमी घातली यावरून दिवसभर शुद्ध सिन्नरी मराठी चाले. रात्री दिवा घालवताना पुन्हा "बुओना नोत्ते!" त्या दोन शब्दांच्या मध्ये जे काही घडलं असेल ते तिथे मिटलं, असा त्यांचा हिशेब. एकदा काकू रागाने माहेरी निघाल्या होत्या, पिशवी भरून झाली होती. इटलीवाले म्हणाले, "थांब, अजून नोत्ते नाय झाली. भांडण संपलेलं नाय. अर्ध्यात कशी जाशील?" काकूंना हसू आलं आणि पिशवी रिकामी झाली.

दूधवाला पेर्मेस्सो म्हणायचा. लाइटचं मीटर बघायला येणारा माणूस म्हणायचा. पोस्टमन तर सायकलवरूनच म्हणायचा, उतरायचीही वाट बघायचा नाही. मांजर शिरली तर इटलीवाले तिच्या वतीने स्वतःच पेर्मेस्सो म्हणत आणि स्वतःच अवान्ती म्हणत. मांजरीला मात्र ते जाताना "चाओ" म्हणायचे. चाओ हा त्यांच्याकडचा सगळ्यात आतला शब्द होता. तो ऐऱ्यागैऱ्याला द्यायचा नाही. ज्याच्याशी अरे-तुरे, ज्याच्या ताटातलं उचलून खाल्लं तरी चालतं, त्यालाच. मी एकदा दुकानाला निघताना त्यांना सहज चाओ म्हणून बसलो, तर म्हणाले, "आत्ता नाय. वेळ आली की मीच म्हणीन."

मी कसा आलो होतो तेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचे बाबा गावच्या शाळेत मास्तर. एकच खोली, एकच मास्तर, चार इयत्ता. गावात ज्याला म्हणून सही करता येत होती, त्याला ती बाबांनी शिकवलेली. आणि त्यांचाच मुलगा नववीत दोनदा नापास झाला. मला अक्षरं यायची, आकडे यायचे, पण परीक्षेचा कागद समोर आला की हाताला घाम सुटायचा आणि शाई फुटायची. तिसऱ्यांदा बसणार नाही म्हणालो, तेव्हा बाबा ओट्यावर उभे होते. ओरडले नाहीत. ते कधीच ओरडायचे नाहीत. म्हणाले, "शाळेची पायरी सोडलीस ना? मग या घराचीही चढू नकोस."

गावातला एक जण देवळालीला फौजी कपडे शिवायच्या दुकानात होता, त्याच्यासोबत गाडीत बसलो. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात. आईच्या सांगण्यावरून बहीण अधूनमधून कार्ड टाकायची. बाबांचं नाव त्यात खुशालीपुरतं असायचं.

दुकानाचे मालक सिंधी होते, फाळणीत सगळं सोडून कॅम्पात आलेले. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. मला आधी काज-बटण दिलं, मग फिती लावणं, मग पँटी. हात सरळ चालायचा. तोंड चालायचं नाही. साहेब लोक यायचे, त्यांच्या बायका यायच्या, आणि मी मशीनवर मान घालून बसायचो. दादा वैतागायचे. "अरे साईं, गिऱ्हाईक आला तर काही तरी बोल ना! तू असा बसतो, लोकांना वाटते दुकानात कोणी मरून गेला!"

बोलायचं म्हणजे मला धडकीच भरायची. बोललो तर पुढचा प्रश्न येईल. शिक्षण किती? वडील काय करतात? त्यापेक्षा मान खाली बरी.

खोलीवरही तेच. पहिल्या महिन्यात पगार हातात यायचा होता आणि मी एका वेळच्या खाण्यावर भागवत होतो. कुणाला सांगायची सोय नव्हती, सांगितलं असतं तरी शब्द सापडले नसते. पण इटलीवाल्यांच्या नमस्कारात एक गोम होती. बुओन जोर्नो म्हणजे सकाळचा नमस्कार आणि बुओना सेरा म्हणजे संध्याकाळचा, हे खरं. पण सकाळ संपते कधी? घड्याळावर नाही. जेवणावर. त्यांनी इटलीत पाहिलं होतं, दुपारचं जेवण झालं की लोक लख्ख उन्हातसुद्धा बुओना सेरा म्हणतात. मग इकडे आल्यावर त्यांनी त्याचा पक्का नियमच करून टाकला. भर एप्रिलच्या उन्हात ते लोकांना संध्याकाळच्या शुभेच्छा द्यायचे. लोक म्हणायचे, "अहो इटलीवाले, डोकं तापलंय का? एवढ्या उन्हात कसली संध्याकाळ?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "मी जेवलो. माझी झाली. तुमची झाली का?"

एका सुट्टीच्या दिवशी चार वाजता मी नळावर तोंड धुवायला बाहेर आलो. ते खाटेवर बसलेले. म्हणाले, "बुओना सेरा!"

मी नवा होतो. नियम नुकताच पाठ झाला होता आणि चुकायची भीती वाटत होती. शाळेत चुकलो तेवढं पुष्कळ होतं. म्हणून नियमाने जे खरं उत्तर होतं तेच दिलं. म्हणालो, "बुओन जोर्नो."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मान मागे न वळवता हाक मारली, "आगं ए, या पोराची अजून सकाळच हाय."

काकू बाहेर आल्या, हाताला पीठ. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कालची बी सकाळच होती वाटतं," म्हणाल्या. "चल, बस."

बाजरीची भाकरी आणि शेवग्याची आमटी होती. मी जेवत असताना कोणी काही विचारलं नाही. ताट उचलल्यावर इटलीवाले गंभीरपणे उठले, माझ्यासमोर आले आणि म्हणाले, "हां. आता बुओना सेरा." मी म्हणालो, "बुओना सेरा." त्या दिवसापासून ते मला रोज दुपारनंतर हटकायचे आणि मला कधी खोटं बोलता आलं नाही. मराठीत विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, झालं की जेवण, आत्ताच झालं.

त्यांची एक फजितीही होती, पण ती फजिती आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. अंगणाच्या पार टोकाला संडास आणि त्याच्याही पलीकडे कुंपण. तिथे कोणी असलं आणि त्याला हाक मारायची असली की इटलीवाले तोंडाशी हात धरून ओरडायचे, "प्रोन्तो!" माणूस जवळ असला तर बुओन जोर्नो, लांब असला तर प्रोन्तो, असं त्यांनी आम्हा सगळ्या भाडेकरूंना शिकवलं होतं. आम्हीही रस्त्याच्या पलीकडून एकमेकांना प्रोन्तो घालायचो. कॅम्पातली शाळकरी मुलंसुद्धा मैदानावर प्रोन्तो-प्रोन्तो करायची.

दुकानातली माझी मुकी अवस्था त्यांना कुणीतरी सांगितली. बहुतेक दादांनीच. रात्रीच्या जेवणाआधी मला त्यांनी खाटेवर शेजारी बसवलं.

"काय आडतं रे तुझं?"

"बोलायला काही सुचत नाही."

"सुचायला कशाला पायजे? मला काय सुचत होतं तिकडं? मला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना माझी येत नव्हती. पयला शब्द आपण बोलायचा. दुसरा समोरचा बोलतो. तिसरा कुणाचा हे मग कुणी मोजत नाय. तू फक्त पयला बोल."

दुसऱ्या दिवशी एक कॅप्टनसाहेब ट्यूनिक, म्हणजे फौजी कोट, घेऊन दुकानात आले. मी मशीनवरून मान वर केली आणि म्हणालो, "नमस्कार साहेब, या." बस. एवढंच. साहेब म्हणाले, खांद्यात आवळतंय. मी म्हणालो, बघू. पुढे सगळं टेपाचं आणि खडूचं बोलणं. शिक्षण कोणी विचारलंच नाही. दादा लांबून बघत होते. साहेब गेल्यावर म्हणाले, "वा रे साईं!" आणि दोन चहा मागवले. आज माझं स्वतःचं छोटं दुकान आहे ते त्या एका शब्दावर उभं आहे, असं मी म्हटलं तर मुलं हसतात. हसू देत.

पेर्मेस्सोची गोष्ट मात्र इटलीवाल्यांनी मला बऱ्याच उशिरा सांगितली. ते लढाईचं फारसं बोलत नसत. त्या दिवशी अंगणातली कपड्यांची तार तुटली होती आणि आम्ही दोघं ती ओढून बांधत होतो.

"अशीच लाइन ओढत चाललो होतो," ते म्हणाले. "डोंगरातलं गाव. अर्धं पडलेलं. तोफांनी घरांचे पार खुळखुळे केलेले. एक घर आडवं आलं. छप्पर अर्धं, भिंत अर्धी, दार तर नव्हतंच. नुसती चौकट उभी. मी मनात म्हटलं, हितून मधून तार नेली की काम लवकर उरकंल. घुसलो. बूट चिखलानं भरलेले. आत एक म्हातारी. चुलीवर काहीतरी ढवळत होती. मला बघितलं आन् पळी घेऊन आली की अंगावर!"

"मारलं?"

"मारलं नाय. पळीनं दाखवलं. बाहेर हो. मी फौजी, माझ्या खांद्यावर बंदूक, आन् ती म्हातारी मला पळीनं बाहेर काढती. चौकटीच्या बाहेर उभं केलं. माझ्या बुटांकडं बोट केलं. मग म्हणाली, पेर्मेस्सो. मी नुसताच बघतोय. पुन्हा म्हणाली, पेर्मेस्सो. म्हंजे तू म्हण. मी म्हटलं. बूट पुसले, पुन्हा म्हटलं. तवा कुठं ती बाजूला झाली. अवान्ती."

त्यांनी तार दाताने धरली, गाठ मारली.

"मक्याच्या पिठाची घट्ट उकड केली होती तिनं. पाटावर ओतली आन् दोऱ्यानं कापली, आपण वड्या पाडतो तशी. एक मला दिली. तिला किती होती देवाला ठाऊक. मग मी विचार केला, बघ, या घराला दार नाय. जर्मन आला, गेला. आम्ही आलो. कुणी विचारलं नसंल तिला. सगळे चालतच आत. मी विचारलं तर केवढी खुश झाली! मी लाइन घराच्या मागून फिरवून नेली. वर हवालदारानं मला झाडला, येळ लावला म्हणून. झाडू दे."

काकू ओट्यावर गहू निवडत होत्या. ही गोष्ट त्यांनी शंभरदा ऐकली असणार. "म्हातारीच होती ना पण?" त्यांनी सुपातून मान वर न करता विचारलं.

"म्हातारीच. तुझ्याएवढी," इटलीवाले म्हणाले, आणि गव्हातला एक खडा त्यांच्या कानाजवळून गेला.

ते जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. शांतपणे गेले, झोपेत. सकाळी अंगणातून बुओन जोर्नो आलं नाही म्हणून सगळ्या खोल्यांची दारं एकदम उघडली. त्यांना आतल्या खोलीत ठेवलं होतं. काकू शेजारणींच्या आधाराने त्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. बायकांना वाटलं, चक्कर आली. काकूंनी सगळ्यांचे हात सोडवले, पदर सारखा केला आणि हळूच म्हणाल्या, "पेर्मेस्सो." कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं. मी आत कोपऱ्यात उभा होतो, मी दिलं. मग त्या आत आल्या.

पण मला लिहायचं आहे ते त्याच्या आधीचं. आमचे बाबा आले त्या दिवसाचं.

माझी आजी वारली. तिची इच्छा होती, अस्थी गोदावरीत जाव्यात. बहिणीचं कार्ड आलं, की बाबा पंचवटीला येताहेत, रामकुंडावर विधी आहेत, धर्मशाळेत उतरतील. शेवटी आईचा म्हणून एक निरोप. तुझ्याकडे येतील की नाही, काही बोलत नाहीत. पत्ता मात्र खिशात ठेवला आहे.

पंचवटी काही लांब नव्हती. कॅम्पातून बस होती. मी तीन वेळा बस स्टॉपपर्यंत जाऊन आलो. गेलो आणि त्यांनी तोंड फिरवलं तर? तेही सगळ्या घाटासमोर? घरची पायरी चढू नकोस म्हणाले होते. रामकुंडाच्या पायऱ्या त्यात धरायच्या की नाही? असलेच विचार. सोमवारी दुकान बंद असायचं. मी खोलीत बसून एका साहेबाच्या कोटाचं अस्तर लावत होतो, पुन्हा उसवत होतो. दुपारी बाहेरून आवाज आला, "बुओना सेरा!" मी आतूनच म्हणालो, "बुओन जोर्नो." मग काकूंचा आवाज, "काहीतरी बिनसलंय त्याचं."

इटलीवाले दाराशी आले, पेर्मेस्सो झालं, अवान्ती झालं. मी कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि बाबा मास्तर आहेत, घरची पायरी चढू नको म्हणालेत, तेही सांगितलं. त्यांनी ते लांब धरून वाचलं, परत दिलं. "येतील," एवढंच म्हणाले, आणि खाट उचलून अंगणाच्या फाटकासमोर नेऊन टाकली.

तासाभराने फाटक वाजलं. मी आवाज ओळखला. शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, अजिबात न चढणारा आवाज.

"इथे भंडाऱ्याकडचा एक मुलगा राहतो का?"

माझा मुलगा म्हणाले नाहीत. एक मुलगा म्हणाले.

"ऱ्हातो की. या, गुरुजी."

"मी इथेच थांबतो. त्याला बाहेर बोलवा."

"घरात असलेल्या माणसाला बाहेर बोलवायची चाल नाय आमच्यात," इटलीवाले म्हणाले. "त्याचं दार ते. कोपऱ्यातलं. पडदा हाय बघा निळा."

चपलांचा आवाज अंगणातून आला आणि माझ्या पडद्याशी थांबला. पडद्याखालून मला त्यांचे पाय दिसत होते. धोतराचा काठ अजून ओला होता, टाचांना रामकुंडाची माती. मी उभा राहिलो. हातात सुई. या बाबा, एवढंच म्हणायचं होतं. ज्यांनी मला पायरी चढू नको म्हटलं त्यांना मी माझी पायरी चढा कुठल्या तोंडाने म्हणू? आणि तेही उभेच. त्यांनी तरी येऊ का म्हणून कसं विचारावं? मास्तर माणूस. नापास मुलाच्या दारात.

अंगणातला नळसुद्धा कोणीतरी बंद केला होता.

"गुरुजी," इटलीवाले खाटेवरून म्हणाले, "आमच्याकडं दारात एक शब्द म्हणायची रीत हाय. तेवढा म्हटला की झालं."

"कोणता शब्द?"

"पेर्मेस्सो."

"अर्थ काय?"

"आधी म्हणा, अर्थ मागून सांगतो."

"अर्थ माहीत नसलेला शब्द मी उच्चारत नाही," बाबा म्हणाले. "आणि पोरांनाही उच्चारू देत नाही."

काकूंना राहवलं नाही. "झालं! आता दोघं शाळा भरवा!"

"येऊ का, असा अर्थ हाय," इटलीवाले म्हणाले. "इटलीच्या भाषेत."

मला वाटलं, आता चपला वळणार. पाय हलले नाहीत. मग त्यांचा आवाज आला, पण जरा वेगळा. फळ्यासमोरचा.

"जोडाक्षर कुठे येतं?"

"आं?"

"सो ला जोड आहे की मे ला?"

"सो ला असंल. म्हातारी जरा दाबून म्हणायची."

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. घसा साफ केला. आणि नवीन धडा सुरू करताना ते म्हणत तसं, एक-एक अक्षर सुटं करून, माझ्या पडद्याला उद्देशून म्हणाले, "पेर्. मेस्. सो."

माझी जीभ सुटली. "अवान्ती," मी म्हणालो.

पडदा बाजूला झाला. बाबा आत आले. खूप बारीक झाले होते. खोलीत बसायला मशीनचं स्टूल तेवढं होतं, त्यावर बसले. माझ्याकडे बघेनात. मांडीवर तो कोट घेतला, उलटा केला, अस्तराची शिवण बोटाने शेवटपर्यंत तपासली. लहानपणी माझी पाटी तपासायचे तशीच.

"टाके सरळ आहेत," म्हणाले.

मग कोट बाजूला ठेवून, घरच्या बोलीत, "जेवला काऊन नाही रे? तोंड कसं झालं पाह्य."

"तुम्ही?"

"विधी होते. उपास होता."

बाहेरून इटलीवाले ओरडले, "म्हंजे दोघांची बी सकाळच हाय! आगं, दोन पानं वाढ!"

जेवताना बाबांनी इटलीवाल्यांकडून सगळे नमस्कार एकेक करून विचारून घेतले. कोणता कधी, कोणाला, बसून की उभ्याने. इटलीवाल्यांना असा विद्यार्थी जन्मात मिळाला नव्हता. ते फुलून गेले होते. प्रोन्तोपाशी आल्यावर बाबा घास हातात धरून थांबले.

"हा शब्द तुम्ही कुठे ऐकलात?"

"टेलिफोनवर. लाइन तपासायला फोन लावला की तिकडून म्हणायचे, प्रोन्तो."

"समोरासमोर कोणी म्हटला?"

इटलीवाल्यांनी आठवून पाहिलं. "नाय बा."

"कधीच?"

"कधीच नाय."

"मग तो लांबच्या माणसाचा शब्द नव्हे," बाबा हळूच म्हणाले. "टेलिफोनचा आहे. आपण हॅलो म्हणतो तसा."

इटलीवाले भाकरीकडे बघत राहिले. तीस वर्षं ते कुंपणापर्यंतच्या माणसांना हॅलो-हॅलो करून बोलवत होते. काकू आधी पदर तोंडाला लावून हसल्या, मग त्यांना खाली बसावं लागलं. "आवो, सगळ्या कॅम्पाला टेलिफोन लावून ठेवला की तुम्ही!" बाबांनाही हसू आवरेना. बाबांना असं हसताना मी लहानपणी एकदाच पाहिलं होतं. इटलीवाल्यांनी मान हलवली. "ऱ्हाऊ द्या गुरुजी," म्हणाले. "आता लाइन टाकून झाली. कुठं काढत बसू?"

बाबा संध्याकाळच्या बसने पंचवटीला परत गेले. मला घरी ये म्हणाले नाहीत. बसच्या पायरीवर एक पाय ठेवून, रस्त्याकडे बघत एवढंच म्हणाले, "दिवाळीत गाड्यांना गर्दी असते. माणसाने चार दिवस आधी निघावं."

बस गेल्यावर इटलीवाले म्हणाले, "झालं बरं का रे निमंत्रण."

मी चार दिवस आधीच निघालो. आईला लुगडं, बहिणीला बांगड्या, बाबांना मी शिवलेला कोट. इटलीवाले स्टॉपवर सोडायला आले होते. मी म्हणालो, "काका, दारात गेल्यावर काय बोलू?" त्यांनी बसच्या खिडकीतून माझ्या डोक्यावर टपली मारली. "पयला शब्द येतो ना तुला? मग झालं." बस सुटली तेव्हा ते मागे दोन पावलं चालले आणि हात वर करून म्हणाले, "चाओ!"

गावी पोचलो तेव्हा शाळा सुटायची होती. घराकडचा रस्ता शाळेवरून जातो. दारात एक चिमुरडा उभा होता, पाणी पिऊन आलेला, शर्टाच्या बाहीला नाक पुसत. मी ऐकलं आणि तिथेच थांबलो. तो आत बघून खणखणीत आवाजात म्हणाला, "पेर्मेस्सो, गुरुजी!" आणि आतून बाबांचा आवाज, "अवान्ती. बस जागेवर." वैनगंगेच्या काठच्या त्या गावातली किती पोरं असं विचारून वर्गात शिरली असतील, कोणास ठाऊक. इटलीवाल्यांना मी परत गेल्यावर हे सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जोड नीट दाबत्यात ना?"

मी शाळेत शिरलो नाही. घराकडे गेलो. ओटा तसाच, सारवलेला, पायरीचा दगड तसाच एका बाजूला कललेला. दार उघडं होतं, आत चुलीचा धूर. पायरीखाली उभा राहिलो. आदल्या दिवसापासूनच्या प्रवासाची धूळ अंगावर होती, पाय चिखलाने बरबटले होते, कारण बांधावरून आलो होतो. वर चढायचं धाडस होईना. तोंडातून आपोआपच निघालं.

"पेर्मेस्सो?"

आतला पळीचा आवाज थांबला. माझी आई तालुक्याच्या पलीकडे कधी गेली नाही, तिला सही यायची नाही. ती पळी हातात घेऊनच दाराच्या चौकटीत आली. मला पाहिलं. माझ्या पायांकडे पाहिलं.

"अवान्ती रे बाप्पा," ती म्हणाली. "पण आधी पाय धुवून ये."